केंब्रिजची पंट-सफर: कुठे बसायचं, काय बघायचं आणि किती खरं मानायचं

भारतातून कुणी आलं की केंब्रिजमध्ये राहणाऱ्याला एक काम चुकत नाही, ते म्हणजे पाहुण्यांना पंटमधून फिरवून आणणं. माझं माहेर सांगलीचं. कृष्णा बघत वाढलेल्या माणसांना कॅम नदी दाखवली की पहिलं वाक्य ठरलेलं, "ही नदी? हा तर ओढा आहे गं!" ओढाच आहे. पण या ओढ्याच्या काठाला आठशे वर्षांचं विद्यापीठ पाठ करून बसलंय आणि ते नीट बघायचं तर पाण्यातूनच बघावं लागतं. रस्त्याच्या बाजूने गेलात तर कॉलेजांचे भक्कम दरवाजे दिसतात. कुठे आत जायला तिकीट, कुठे 'आज बंद'ची पाटी. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांमुळे बरीच कॉलेजं पाहुण्यांना आत घेतच नाहीत. नदीच्या बाजूने मात्र हिरवळी, पूल, खिडक्या, सगळं उघडं.

पंट म्हणजे सपाट बुडाची, लांबट, उथळ होडी. वल्ही नाहीत, इंजिन नाही. मागच्या टोकाच्या फळीवर एक जण उभा राहतो, सोळा फुटी काठी नदीच्या तळाला टेकवतो आणि होडी रेटतो. तोच तुमचा गाइड. बहुतेक वेळा कॉलेजात शिकणारं पोरगं किंवा पोरगी असते, उन्हाळ्याच्या सुट्टीत पैसे मिळवायला आलेली. पाऊण तासात तो तुम्हाला सिल्व्हर स्ट्रीटपासून मॉडलिन पुलापर्यंत नेऊन परत आणतो. अंतर जेमतेम एक किलोमीटर. या पट्ट्यालाच 'बॅक्स' म्हणतात, म्हणजे कॉलेजांची मागची बाजू.

पाऊण तास म्हणजे काहीच नाही. कुठे बघायचं हे आधी माहीत नसेल तर निम्मा वेळ बदकांचे फोटो काढण्यात जातो. म्हणून हा खटाटोप.

तिकीट

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून जलद गाडीने पन्नास मिनिटांत केंब्रिज येतं. स्टेशन गावापासून लांब आहे, चालत पंचवीस मिनिटं. बरोबर वयस्कर माणसं असतील तर सरळ बस पकडा, पुढे दिवसभर चालायचंच आहे.

गावात शिरलात की हातात पाटी घेतलेली मुलं "पंटिंग?" म्हणत पुढे येतील. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण पहिल्यांदा सांगितलेला भाव हा शेवटचा भाव नसतो, हे तुळशीबागेत वाढलेल्यांना सांगायला नको. माझा सल्ला: आदल्या दिवशी ऑनलाइन काढा. भाव दिवस आणि वेळ बघून बदलतात. सगळ्यांबरोबर बसायच्या होडीला साधारण माणशी वीस-तीस पौंडांच्या घरात जातात. शनिवारी दुपारी सगळ्यात महाग, मंगळवारी सकाळी स्वस्त.

रस्त्यावरच घ्यायचं असेल तर तीन गोष्टी विचारून घ्या. होडी आपली एकट्यांची की इतरांबरोबर? सफर किती मिनिटांची? आणि होडी सुटते कुठून? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण दोन मुख्य धक्के गावाच्या दोन टोकांना आहेत: एक दक्षिणेला मिल लेनपाशी, दुसरा उत्तरेला मॉडलिन पुलाजवळ, त्याला कीसाइड म्हणतात. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील आणि तिकीट देणारा मुलगा 'इथेच आहे, पाच मिनिटं' म्हणत असेल तर त्याच्या पाच मिनिटांवर जाऊ नका.

सहा-सात जणांचं कुटुंब असेल तर पूर्ण होडीचा भावही विचारा. माणशी हिशेब केला की फरक फार राहत नाही आणि आजीला मराठीत समजावून सांगताना पुढच्या बाकावरच्या लोकांची नजर चुकवावी लागत नाही.

कधी जायचं

उन्हाळ्यात संध्याकाळी पाच-सहानंतर. कारण साधं आहे. बॅक्सवरच्या जवळजवळ सगळ्या जुन्या इमारती नदीच्या पूर्व काठाला आहेत, म्हणजे नदीकडची त्यांची बाजू पश्चिमेला. सकाळी सूर्य इमारतींच्या मागे असतो आणि फोटोत सगळं काळपट येतं. दुपार कलली की तेच दगड मधासारखे उजळतात. जूनमध्ये इथे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, तेव्हा घाई नाही. दुपारी बारा ते चारच्या मध्ये नदीवर इतकी गर्दी होते की होड्या एकमेकींवर आपटतात, वर पुलावर लंडनहून आलेल्या बसची माणसं दाटीने उभी.

थंडीतही सफरी चालू असतात. होडीत ब्लँकेट देतात, नदी रिकामी असते, पानं गळल्यामुळे इमारती जास्त दिसतात. मला स्वतःला फेब्रुवारीतली कोरडी दुपार सगळ्यात आवडते, पण आपल्याकडून आलेल्या माणसाला फेब्रुवारीत होडीत बसवायचं तर मन घट्ट करावं लागतं. त्याचं आणि आपलंही.

कोणाला कुठे बसवायचं

पंटमध्ये खुर्च्या नसतात. जवळजवळ तळावरच गाद्या टाकलेल्या असतात, पाठीला टेकायला फळी, पाय समोर पसरायचे. बसताना काही वाटत नाही, उठताना गुडघे आठवतात. ज्यांना खाली बसून उठायला त्रास होतो त्यांना धक्क्याच्या बाजूला, शक्यतो एखाद्या धडधाकट माणसाशेजारी बसवा. उतरताना गाइड होडी धरून ठेवतो, हातही देतो, पण एका वेळी एकच माणूस उठेल असं बघा. दोघं एकदम उभे राहिले की होडी डुलते आणि मग किंचाळ्या.

चढताना मधोमध पाय ठेवायचा, कडेवर नाही. कोल्हापुरी चप्पल घालून येऊ नका; ओल्या लाकडावर चामड्याचा तळ साबणासारखा सटकतो. रबरी तळाचे बूट सगळ्यात बरे. साडीला काही अडचण नाही, माझी आई दरवेळी साडीतच बसते, फक्त चढताना निऱ्या एका हातात आणि दुसरा हात गाइडच्या हातात.

ऐकू कमी येणाऱ्यांना मागे, गाइडच्या जवळ बसवा. तो मागून बोलतो, पुढच्या टोकापर्यंत आवाज जाता जाता वाऱ्यावर निम्मा उडतो आणि वर इंग्रजी उच्चार. मात्र मागे बसणाऱ्याने एक लक्षात ठेवायचं: काठी वर काढताना तिच्यावरून पाणी निथळतं. ज्या बाजूला गाइड काठी टाकतो त्या बाजूच्या माणसाच्या खांद्यावर नदीचा शिडकावा ठरलेला. फोटो काढणाऱ्याने पुढे बसावं. लहान मुलांना मध्ये.

हात होडीबाहेर लोंबकळू देऊ नका, हे गाइड सांगतोच, पण मुलं विसरतात. शेजारून दुसरी होडी घासून गेली तर बोटं दोन लाकडांच्या मध्ये चेंगरतात. आणि होडीवर शौचालय नाही. बसण्याआधी उरकून घ्या. हे वाक्य मी घरातून निघताना एकदा आणि धक्क्यावर एकदा म्हणते.

खायला काहीतरी घ्या. आम्ही भडंग नेतो. गाइड सहसा हरकत घेत नाहीत, पण सांडलेलं गोळा करा, बदकांना टाकू नका.

आता बघायचं काय

मिल लेनकडून निघालात असं धरून सांगते. कीसाइडहून निघालात तर हाच क्रम उलटा.

पहिल्या मिनिटातच सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलाखालून बाहेर पडता आणि समोर लाकडी पूल येतो, क्वीन्स कॉलेजचा, ज्याला मॅथेमॅटिकल ब्रिज म्हणतात. मोबाइल आधीच हातात ठेवा, कारण इथे बहुतेकांची पिशवी उघडण्यात वेळ जातो. आणि इथेच पहिली लोणकढी थाप येते: हा पूल न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला, मग विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून तो सुटा केला आणि परत जोडता येईना म्हणून बोल्ट लावले.

माझे मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. गाइड हे रंगवून सांगत होता आणि मामा मान वर करून सांधे न्याहाळत होते. मी भाषांतर करून सांगितलं तसे म्हणाले, "त्याला विचार, न्यूटन गेला कधी?" १७२७ साली. "आणि पूल कधीचा?" १७४९ चा. मग मामांनी काठीवाल्याकडे असं पाहिलं की ते पोरगं हसायलाच लागलं. म्हणालं, न्यूटनची गोष्ट सांगितली की लोक खूश होतात.

खरी हकिगत मला जास्त आवडते. आराखडा विल्यम एथरिज याचा, बांधला जेम्स एसेक्सने. पुलाची कमान गोल दिसते, पण त्यात वाकवलेलं एकही लाकूड नाही. सरळ तुळया कमानीला स्पर्शरेषेसारख्या एकापुढे एक लावल्यात आणि त्यांना आडवे जोडणारे वासे कमानीच्या मध्यबिंदूकडे तोंड करून. होडी पुलाखाली जाताना बाजूने बघा, गोलाई नाहीशी होऊन नुसत्या सरळ रेषा उरतात. लोखंड सुरुवातीपासून होतं, फक्त बाहेरच्या बाजूने आत ठोकलेलं असल्याने पुलावरून चालणाऱ्याला दिसत नसे. पूल १८६६ मध्ये आणि पुन्हा १९०५ मध्ये नव्याने उभारला, आणि १९०५ ला लाकूड वापरलं सागवानी. हे ऐकल्यावर मामांचा पुलाबद्दलचा आदर एकदम वाढला.

पुलाला लागून उजव्या हाताला पाण्यातून वर आलेली विटांची जुनी इमारत आहे, १४६० च्या सुमाराची. सगळे लाकडी पुलाकडे बघत असतात, तुम्ही तिच्याकडेही बघा. पाण्यातून सरळ भिंत उभी केलीय.

पुढे उजवीकडे मोठी हिरवळ उघडते आणि तिच्यामागे किंग्ज कॉलेजचं चॅपेल, म्हणजे प्रार्थनाघर. केंब्रिजच्या प्रत्येक पोस्टकार्डावर हेच. राजा सहावा हेन्री याने १४४६ मध्ये पायाचा दगड बसवला, मध्ये राजघराण्यांच्या लढाया झाल्या, काम रखडलं, हेन्री मारला गेला, आणि छत पुरं झालं १५१५ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात. पंख्यासारख्या कमानींचं हे दगडी छत त्या प्रकारचं जगातलं सगळ्यात मोठं. ते नदीवरून दिसत नाही, त्यासाठी वेगळं तिकीट काढून आत जावं लागतं, आणि माझ्या मते ते काढावं. पंटमध्ये पैसे वाचवून चॅपेलमध्ये घाला असं मी पाहुण्यांना सांगते.

इथे गाइड हेन्री राजाचं सांगेल. आपल्या माणसांना सांगण्यासारखं दुसरंच आहे. जयंत नारळीकर १९६३ ते १९७२ या काळात याच किंग्ज कॉलेजचे फेलो, म्हणजे तिथल्या अध्यापक-संशोधक मंडळाचे सदस्य होते. पुण्यात आयुका उभी केली, शाळेतल्या मुलांना विज्ञानकथांची गोडी लावली, ते नारळीकर तरुणपणी याच हिरवळीच्या कडेने ये-जा करत असणार. त्यांच्याही आधी, १८९० च्या सुमाराला, अरविंद घोष या कॉलेजात होते. आयसीएसची लेखी परीक्षा पास झाले, घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत. हिरवळीच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे डाव्या काठाला, कधीकधी गाई चरत असतात. चॅपेल आणि गाई एका फोटोत येतात. आईने तोच फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, चॅपेल अर्धं कापून.

किंग्जला लागूनच क्लेअर. १३२६ साली स्थापन झालेलं, जुनेपणात दुसरं. त्याचा दगडी पूल १६४० चा. आज नदीवर असलेल्या कॉलेजांच्या पुलांमध्ये सगळ्यात जुना. कठड्यावर चौदा दगडी गोळे आहेत. त्यांतल्या एकाची मागची फोड नाहीशी आहे. याच्यावर प्रत्येक गाइडची वेगळी कथा: बांधणाऱ्याला पूर्ण पैसे मिळाले नाहीत म्हणून त्याने सूड उगवला, किंवा पूल 'अपूर्ण' राहिला की कर लागत नसे, किंवा पैज. तुम्ही गाइडला आधीच म्हणा की फुटका गोळा कुठला ते दाखव, नाहीतर होडी पुलाखालून निघून जाते आणि मग सगळे माना वळवून शोधत बसतात. कथा कुठलीही घ्या, चौदा गोळे मोजण्यात लहान मुलांचा वेळ छान जातो.

पुढचा गॅरेट हॉस्टेल पूल साधा, काँक्रीटचा, १९६० चा. दिसायला फार काही नाही. पण तो लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

मग ट्रिनिटी. उजवीकडे लांबलचक, शांत चेहऱ्याची इमारत दिसते ती रेन लायब्ररी. सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणारा ख्रिस्तोफर रेन, त्याने आराखडा दिला आणि १६९५ मध्ये ती पूर्ण झाली. आत न्यूटनची स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केलेली 'प्रिन्सिपिया' या त्याच्या ग्रंथाची प्रत आहे. इथे गाइड कवी बायरनच्या अस्वलाची गोष्ट सांगेल: कॉलेजात कुत्रा पाळायला बंदी म्हणून त्याने अस्वल आणलं. अस्वल खरंच होतं.

पण इथेही आपली गोष्ट वेगळी. रामानुजन १९१४ मध्ये मद्रासहून बोटीने आले ते या ट्रिनिटीत, आणि १९१८ मध्ये कॉलेजचे फेलो झाले. त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षात लिहिलेली गणिताची पानं पुढे कुणाच्या लक्षातच राहिली नाहीत. १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या अमेरिकन गणितज्ञाला ती सापडली, ती याच लायब्ररीत, दुसऱ्या एका गणितज्ञाच्या कागदांबरोबर ठेवलेली. तुमची होडी ज्यांच्याखालून जाते त्या खिडक्यांच्या मागे. जवाहरलाल नेहरूही ट्रिनिटीचेच, १९०७ ते १९१०.

आता डाव्या-उजव्या दोन्ही काठांना इमारती सुरू होतात. सेंट जॉन्स. आधी एक दगडी पूल लागतो, त्याच्यावरच्या कोरीव कामाकडे नजर टाका, पण हात मोबाइलवर. कारण त्याच्या लगेच पुढे, दोन इमारतींना जोडणारा, वरून झाकलेला, जाळीदार खिडक्यांचा पूल येतो: ब्रिज ऑफ साइज, म्हणजे सुस्काऱ्यांचा पूल, १८३१ चा. पहिल्या पुलाच्या कमानीखालून बाहेर पडताना जो फोटो येतो तोच चांगला; अगदी जवळ गेल्यावर पूल चौकटीत मावत नाही. व्हेनिसच्या पुलाचं नाव याला दिलंय, साम्य इतकंच की दोन्ही झाकलेले आहेत. व्हेनिसच्या पुलावरून कैदी जात, इथे विद्यार्थी परीक्षेला जाताना सुस्कारे टाकतात असं गाइड म्हणणार. १९६३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी रात्रीतून एक जुनी मोटार पंटवर घालून आणली आणि या पुलाखाली दोरांनी टांगली. ही थाप वाटते, पण खरी आहे.

इथे गाइड गप्प झाला की तुम्ही सुरू करा. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे नावाचा मुलगा १८९६ मध्ये या सेंट जॉन्समध्ये आला. इथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात, आणि त्यांत जो पहिला तो सीनियर रँग्लर. तेव्हा क्रमांक जाहीर वाचून दाखवत, आणि पहिला कोण याची चर्चा अख्ख्या इंग्लंडात होई. १८९९ मध्ये परांजपे दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर संयुक्तपणे सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. केंब्रिजमध्ये राहून मोठं नाव करता आलं असतं, पण परत जाऊन पुण्यात फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. महर्षी कर्व्यांचे ते मावसभाऊ की चुलतभाऊ यावर आमच्या होडीत वाद झाला होता, नातं जवळचं होतं एवढं नक्की. त्यांची मुलगी शकुंतला परांजपे याही केंब्रिजमध्येच, न्यूनम या बायकांच्या कॉलेजात गणित शिकल्या. त्या काळी बायकांना परीक्षा देता येई, पण विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व मिळत नसे. ते मिळायला १९४८ साल उजाडलं. आणि शकुंतलाबाईंच्या कन्या म्हणजे सई परांजपे.

हे सगळं सांगायला तुमच्याकडे जाताना तीन-चार मिनिटं आणि परतताना तितकीच असतात, कारण होडी मॉडलिन पुलापाशी वळते आणि याच वाटेने माघारी येते. मी गोष्ट दोन हप्त्यांत सांगते: जाताना परांजपे, येताना शकुंतलाबाई. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "मग हे तो पोरगा का सांगत नाही?" त्याला कोण सांगणार! आता मी उतरताना गाइडला सांगते. एकाने तर नाव वहीत लिहून घेतलं होतं, स्पेलिंग विचारून.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट कानाने टिपा. काठी तळाला टेकते तेव्हा आवाज येतो. नदीच्या मधल्या भागात कर्रर असा, खडीवर टेकल्यासारखा. कडेला गेलं की आवाज नाही, नुसता चिखल, आणि काठी ओढून काढायला गाइडला जोर लावावा लागतो. पूर्वी या नदीतून मालाच्या नावा घोडे ओढून नेत. कॉलेजांनी आपल्या काठावरून घोड्यांना जाऊ दिलं नाही, म्हणून नदीच्या तळातच खडीची वाट केली आणि घोडे पाण्यातून चालत. गाइडची काठी अजून त्या वाटेवर टेकते.

स्वतः चालवायची असेल तर

तासाच्या भाड्याने नुसती होडी मिळते. तरुण मंडळी असतील तर जरूर घ्या, पण पहिल्यांदा गाइडबरोबर जाऊन त्याचे हात नीट बघा.

केंब्रिजमध्ये मागच्या सपाट फळीवर उभं राहायचं. ऑक्सफर्डमध्ये उलट, दुसऱ्या टोकाला होडीच्या आत उभे राहतात. दोघंही दुसऱ्याला अडाणी म्हणतात. काठी होडीला चिकटून, सरळ उभी सोडायची. रेटून खाली दाबायची नाही, आपल्या वजनाने तळापर्यंत जाऊ द्यायची. टेकली की हातावर हात सरकवत मागे ढकलायचं. ढकलून झालं की काठीला हलकासा पीळ द्यायचा, म्हणजे चिखलातून सुटते, आणि काढण्याआधी क्षणभर ती मागे पाण्यात तरंगत ठेवायची: तेच सुकाणू. काठी डावीकडे नेली की होडीचं तोंड डावीकडे वळतं. सगळं कौशल्य इथे आहे, ढकलण्यात नाही. नवखा माणूस जोर लावतो, दिशा विसरतो आणि होडी झिगझॅग करत समोरच्याच्या होडीवर जाऊन आदळते. उजव्या बाजूने चालवायची, रस्त्यावरच्या डावीकडच्या सवयीने जाऊ नका.

काठी चिखलात रुतली आणि होडी पुढे निघाली, तर काठी सोडून द्या. हे घोकून घ्या. धरून ठेवणारा माणूस काठीवर लोंबकळत राहतो आणि होडी निघून जाते. काठावरची मंडळी दिवसभर याच क्षणाची वाट बघत बसलेली असतात. होडीत एक छोटं वल्हं ठेवलेलं असतं, त्याने मागे येऊन काठी उपटायची. पुलाखालून जाताना काठी आडवी घ्या, नाहीतर ती कमानीत अडकते. आणि पुलावर टवाळ पोरं उभी असतील तर काठी जरा लवकरच खाली घ्या, वरून पकडून ठेवायची खोड जुनी आहे.

बॅक्सवर गर्दी जास्त वाटली तर मिल लेनच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाने ग्रँटचेस्टर गावाकडे जा. तिकडे कॉलेजं नाहीत, कुरणं आहेत आणि शिकायला मोकळी जागा.

उतरल्यावर

गाइडला टीप द्यायची सक्ती नाही. आवडला तर द्या, रोख सुटे पैसे जवळ ठेवा.

नंतर चालत गॅरेट हॉस्टेल पुलावर या, ज्याला मघाशी नावं ठेवली तोच. हा रस्ता सगळ्यांना खुला आहे, तिकीट नाही. एका बाजूला क्लेअरचा पूल, दुसऱ्या बाजूला ट्रिनिटीचा, खाली होड्या. ज्यांना होडीत बसणं झेपणार नाही अशा आजी-आजोबांना थेट इथेच आणा, जाणाऱ्या गाइडांच्या थापा वरून फुकट ऐकायला मिळतात. पुलाचा चढ मात्र चांगलाच आहे, चाकाची खुर्ची असेल तर ढकलायला दोघं हवेत.

रेन लायब्ररी आतून बघायची असेल तर ती पाहुण्यांना मोजक्याच वेळात उघडी असते. वेळ ट्रिनिटीच्या साइटवर बघा आणि पंटचं तिकीट त्या हिशेबाने पुढे-मागे काढा.